सांग्रिया करा, पण तिला सरबत म्हणू नका



एप्रिल लागला की या पेजवर येणारे प्रश्न ठरलेले असतात. खरड छाटणी कधी घेऊ, पेस्ट कितीची लावू, विहिरीनं तळ गाठलाय तर बाग कशी जगवू. यंदा त्यात एक वेगळाच प्रश्न आला, आणि एकाचा नाही, तिघांचा आला. "भाऊ, तुमच्याकडं वाइनची द्राक्षं आहेत, तर उन्हाळ्यासाठी घरच्या घरी सांग्रिया कशी करायची ते लिहा ना." विचारणाऱ्यांत एक बीएस्सी ॲग्री झालेला पोरगा आहे आणि एक जण कृषी पर्यटन केंद्र चालवतो. त्या दुसऱ्यानं पुढं असंही लिहिलं, "पाहुण्यांना वेलकम ड्रिंक म्हणून देतो, फळांचं सरबतच आहे ते, काय होतं?"

कृती सांगतो. पण "काय होतं" याचं उत्तर आधी देतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच अडकलेलं आहे.

सांग्रिया म्हणजे लाल वाइन, त्यात संत्रं-लिंबू, थोडी साखर, वाटलं तर दालचिनी, आणि वरून सोडा नि बर्फ. मूळ स्पेन आणि पोर्तुगालचं. स्पॅनिश भाषेत सांग्रे म्हणजे रक्त, त्या रंगावरून नाव पडलं म्हणतात. 1964 साली न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं स्पेनच्या दालनात ही मिळायची, आणि तिथून अमेरिकेत तिचं वेड पसरलं. आता युरोपात तिला कायदाच आहे. 2014 च्या नियमानुसार नुसतं "सांग्रिया" असं नाव लावून विकायचं तर माल स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच तयार झालेला पाहिजे, आणि त्यात अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या खाली नको आणि बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. म्हणजे ज्यांचं हे पेय आहे, त्यांनीसुद्धा तिला सरबतात धरलेलं नाही.

आता मला हे पेय का पटतं ते सांगतो. स्पेनमध्ये द्राक्षाखाली जेवढी जमीन आहे तेवढी जगात दुसरीकडं कुठं नाही. आणि त्यांच्या दक्षिणेकडच्या सेव्हिल, कॉर्डोबा या गावांत उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. आपल्या मालेगाव-जळगावसारखंच. अशा उन्हात लाल वाइन तशीच प्यायची म्हटलं तर जिवावर येतं. तुरट लागते, अंगात उष्णता होते. मग त्यांनी काय केलं, तर बर्फ टाकला, फळ टाकलं, सोडा टाकला. रोजच्याला तर ते सांग्रियाचाही खटाटोप करत नाहीत. निम्मी लाल वाइन, निम्मं लिंबाचं किंवा साधं गोड सोडावॉटर, झालं काम. त्याला ते "उन्हाळ्याची लाल" अशा अर्थाचं नाव देतात, तिंतो दे वेरानो. बास्क भागातली पोरं तर वाइनमध्ये कोला ओततात. ज्यांच्या बापजाद्यांनी हजारो वर्षं वाइन केली त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

आणि आपल्याकडं? आपल्याकडं वाइन आली ती सुटाबुटात आली. लांब दांड्याचा ग्लास, तो गोल फिरवायचा, नाक घालायचं, मग म्हणायचं की जांभळाचा वास येतोय. शिकलेल्या माणसानं ते करावं, माझी हरकत नाही, चांगल्या वाइनमध्ये तसे वास येतात हेही खरं. पण पंचवीस वर्षं झाली, ज्या निफाड-दिंडोरीत ही द्राक्षं पिकतात तिथला माणूस अजून त्या ग्लासला भितो. त्याला वाइन म्हटलं की एक तर लग्नातल्या फोटोतली वाटते, नाही तर ती गोड "पोर्ट". मधलं काही ठाऊकच नाही.

याचं नुकसान कुणाला, ते टेबल द्राक्षवाल्यांना पटकन कळणार नाही म्हणून लिहितो. माझा दीड एकर शिराज आहे. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात नेला तर कुणी फुकट उचलणार नाही. बेदाणा करायचा तर बियांमुळं तोही होत नाही. थॉमसनवाल्याचा एक्स्पोर्ट हुकला तर लोकल आहे, लोकल पडलं तर बेदाणा शेड आहे. वाइनच्या द्राक्षाला एकच दार, वायनरीचं. ते बंद झालं की माल वेलीवर सुकतो.

आणि ते बंद झालेलं आम्ही पाहिलंय. 2001 साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झाला, वायनऱ्या उभ्या राहिल्या, करार झाले. मग 2008 मध्ये जगभर मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. त्यानंतरच्या हंगामात आमच्या भागात कितीतरी वाइनच्या बागांवर कुऱ्हाड पडली, नाही तर त्याच खुंटावर टेबलच्या जाती भरल्या गेल्या. तेव्हा सगळी विक्री मोठ्या शहरांतल्या हॉटेलांवर उभी होती. गिऱ्हाईक उथळ होतं असं मी म्हणत नाही, पण थोडं होतं आणि एकाच जागी होतं. एकाच बोअरवर बाग लावण्यासारखं ते होतं.

म्हणून मला वाटतं, वाइन साधी व्हायला पाहिजे. घरात, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, स्टीलच्या जगात, आपल्या संत्र्या-मोसंब्यासोबत. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं. सव्वा किलोला आम्हाला काय मिळतं आणि बाटली कितीला विकते ते तुम्हीच बघा, तो वेगळा विषय आहे, त्यावर एकदा सविस्तर लिहीन.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, हा वाइनचा प्रचार चाललाय. थांबा.

2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं. बराच गदारोळ झाला आणि ते तिथंच राहिलं. त्यावेळी काही पुढारी बोलले की वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याची आहे. मला तेव्हाही ते पटलं नाही. शेतकऱ्याची आहे हे शंभर टक्के खरं, पण दारू नव्हे हे शंभर टक्के खोटं. ऊस पण शेतकऱ्याचाच आहे, त्याच्या मळीची जी होते तिला आपण काय म्हणतो? आमच्या नावावर असलं खोटं खपवू नका. त्यानं आमचा माल विकला जात नाही, उलट आडव्या बाटलीला मत द्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आमच्यावर चिडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ज्या घरात दारूनं वाटोळं झालंय तिथं तुम्ही फळं टाकून आणा नाही तर गुलाबपाणी टाकून आणा, ती दारूच.

आता कृषी पर्यटनवाल्या भावाच्या प्रश्नाचा हिशेब मांडू. आपण फवारणीचं पीपीएम काढतो, मग हेही काढता आलं पाहिजे.

वाइनची बाटली 750 मिली. अल्कोहोल 13 टक्के धरा. म्हणजे बाटलीत शुद्ध अल्कोहोल साधारण 97 मिली. त्यात 200 मिली रस आणि साडेपाचशे मिली सोडा घातला, झाली दीड लिटर सांग्रिया. 97 भागिले 1500, साडेसहा टक्के. साध्या माइल्ड बिअरच्या वर. 200 मिलीचा एक ग्लास म्हणजे 13 मिली अल्कोहोल. आता व्हिस्कीचा 30 मिलीचा छोटा पेग घ्या, 42.8 टक्क्यांचा, त्यातही बसतं पावणेतेरा-तेरा मिली. म्हणजे तुमच्या वेलकम ड्रिंकचा एक ग्लास बरोबर एक पेग. उन्हातून आलेला, तहानलेला माणूस असले दोन ग्लास पाच मिनिटांत घटाघटा पितो. व्हिस्की कुणी तशी पीत नाही, कारण घसा नको म्हणतो. इथं घसा नको म्हणत नाही, साखर आणि संत्रं त्याला गप्प करतं. आणि मग तो माणूस गाडीला चावी लावतो. बर्फ वितळून पातळ होते म्हणाल, तर पाणी वाढतं, अल्कोहोल ग्लासात तेवढंच राहतं.

शिवाय परवाना नसताना पाहुण्यांना दारू देणं हा गुन्हा आहे, ती फळं टाकून दिली म्हणून सुटका नाही. भाऊ, केंद्र चांगलं चाललंय, पाहुण्यांना कोकम द्या, पन्हं द्या.

आणखी एक. "घरची सांग्रिया" म्हणजे घरी द्राक्षं आंबवून वाइन करणं नव्हे. एका वाचकानं विचारलंय की शेवटच्या तोडणीचा माल शिल्लक आहे, बरणीत खमीर घालून ठेवू का. नको. परवान्याशिवाय ते करणं कायद्यात बसत नाही, आणि टेबलच्या थॉमसनची वाइन कुणाला प्यावीशी वाटेल अशी होतही नाही. वाइन दुकानातून रीतसर घ्यायची, घरी फक्त मिसळायची. वर्धा आणि गडचिरोलीच्या मित्रांनी हा लेख नुसता वाचावा.

आता कृती.

वाइन कोणती? महाग नको. लाकडी पिंपात मुरवलेली तर अजिबात नको, तो पैसा पाण्यात. लाल वाइनचा तुरटपणा सालीतून नि बियांतून येतो, आणि वाइन थंड केली की तो जास्त बोचतो. म्हणून हलकी, कोवळी, फळाच्या चवीची लाल घ्यायची. स्पेनवाले गार्नाचा, टेम्प्रानिल्यो वापरतात. आपल्याकडं साधी शिराज किंवा झिनफँडेल चालते, बाटलीवर वाचून घ्या. गोड पोर्ट घेणार असाल तर साखर बिलकुल टाकू नका, लिंबू वाढवा.

बाटली घेताना दुकान बघा. व्हिस्की उन्हात राहिली तरी तिला फारसं काही होत नाही, वाइन मात्र नासते. तालुक्याच्या दुकानात पत्र्याखाली, दाराजवळ उभी केलेली, वर्षभर धूळ खाल्लेली बाटली म्हणजे शिजलेली वाइन. उघडल्यावर शिरक्याचा आंबूस वास आला तर ती सांग्रियात लपवायची नाही, ओतून द्यायची.

फळात संत्रं पहिलं. मृग बहराचं नागपुरी संत्रं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळतं, ते मिळालं तर सोनं. दोन संत्री, एक लिंबू, एक सफरचंद. सालीसकट टाकायची असतील तर कोमट पाण्यात चांगली चोळून धुवा. आपण फवारणारी माणसं आहोत, सालीवर काय असतं ते आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. सफरचंदावरचं मेणही त्यात जातं. बिया सगळ्या काढायच्या. लिंबाच्या चकत्या रात्रभर ठेवायच्या नाहीत, सालीचा पांढरा भाग कडू उतरतो.

मोसंबीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण जालना-संभाजीनगरकडचे वाचक नक्की मोसंबी घालणार. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट होतो, हे रसवंतीवाल्यालाही ठाऊक आहे. कारण असं, की फळात एक बिनचवीचं द्रव्य असतं, रस काढल्यावर आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. फळ खराब नसतं, तुमचं चुकलेलंही नसतं. म्हणून मोसंबी सांग्रियात मुरवायची नाही. रस अगदी देण्याच्या वेळी काढून ओतायचा. मग ती इतकी गोड लागते की साखरेची गरज राहत नाही.

आंबा? मोह सगळ्यांना होतो. पिकलेला हापूस-केशर टाकला तर गर सुटून गढूळ होतं, रंग जातो, वाइन पण वाया आणि आंबा पण वाया. टाकायचाच असेल तर तोतापुरीच्या घट्ट फोडी, आणि त्याही शेवटी. डाळिंबाचे दाणे दिसायला छान, चवीला फार काही देत नाहीत. उरलीसुरली काळी द्राक्षं असतील तर अर्धी चिरून टाका.

जग काचेचा किंवा स्टीलचा घ्या. तांब्याच्या नि कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवायचं नसतं, ते आईनं शिकवलंय तेच इथं लागू. माठात करू नका, तो माठ नंतर पाण्याच्या कामाचा राहत नाही.

चिरलेल्या संत्र्या-सफरचंदावर दोन चमचे साखर टाकून चमच्याच्या पाठीनं हलकं दाबायचं, रस सुटला पाहिजे, लगदा नाही व्हायला पाहिजे. दालचिनीचा एक छोटा तुकडा. वरून बाटली ओतायची. झाकून फ्रिजमध्ये चार तास. दुपारी एकला ठेवली की संध्याकाळी पाचला तयार. द्यायच्या वेळी दालचिनी काढा, लिंबाच्या चकत्या, 200 मिली ताजा रस, बर्फ आणि मग सोडा. सोडा आधी घातला तर त्यातला जीव जातो. काही कृतींमध्ये यात ब्रँडी ओततात. मी ओतत नाही. 60 मिली ब्रँडीनं त्या जगात आणखी पंचवीस मिली अल्कोहोल वाढतं आणि चवीला काही कळत नाही. न कळणारी वाढ हीच खरी भीती.

एवढा जग चार मोठ्या माणसांना, एका संध्याकाळला, जेवणासोबत. शेंगदाणे, भाजलेला पापड, कांदाभजी असं काही पोटात असू द्या. भर दुपारी पिऊन शेतात जाणं नाही. दारूनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि मे महिन्यात ते अंगावर येतं. उन्हातून आल्यावर आधी तांब्याभर पाणी प्या, सांग्रिया सूर्य बुडाल्यावर. फवारणी केलेल्या दिवशी तर नकोच नको.

ज्या घरात कुणी दारू सोडलेली आहे, तिथं हा जग टेबलावर आणू नका. त्याला "यात काय, फळंच आहेत" म्हणून आग्रह करणारा पाहुणा मी पाहिलाय. असल्या पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवून यावं.

आणि पिणारे नाहीत त्यांच्यासाठी तोच रंग, तीच मजा दुसऱ्या मार्गानं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं मांजरी मेडिका नावाची रसाची जात काढली आहे. आपल्या शरद किंवा जंबोचा रंग फक्त सालीत असतो, आतला गर फिका, म्हणून नुसतं पिळलं तर रस फिका येतो. मेडिकाचा गरच लाल आहे, पिळली की गडद रस. ज्यांच्याकडं ती नाही त्यांनी शरदचे मणी सालीसकट कुस्करून, उकळी न आणता चटका बसेल इतपत तापवावेत, थंड करून गाळावेत. सालीचा रंग उतरतो.  यात संत्रं, लिंबू, दालचिनी, सोडा सगळं तसंच. आमच्या घरी हाच जग आधी संपतो, आणि पोरं-म्हातारी सगळी त्यावर असतात. हा मात्र करून त्याच दिवशी संपवा, ठेवला तर आपल्या उन्हाळ्यात तो स्वतःच आंबायला लागतो.

दोन्ही जग एकाच वेळी केले तर खूण करून ठेवा. रंग सारखाच दिसतो. आम्ही वाइनच्या जगाच्या दांड्याला सुतळी बांधतो, बागेत बांधणीला वापरतो तीच.

राहता राहिली तळाची फळं. वाइन प्यालेली ती संत्री-सफरचंदं गोड लागतात आणि लहान मुलं सगळ्यात आधी तिथंच हात घालतात. ती मुलांना द्यायची नाहीत, शेळीच्या पाटीतही टाकायची नाहीत. खतावळीत टाका, वरून माती लोटा.